शाळेतला संगणक आणि त्याच्यापाशी बसणारा माणूस

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शाळांसाठी नवे संगणक खरेदी करण्याआधी ते शिकवणाऱ्या व सांभाळणाऱ्या माणसाची तरतूद करण्याबाबत

महोदय,

महाराष्ट्रातल्या शिक्षण-संशोधनाच्या क्षेत्रातला पहिला मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. तो विकत आणलेला नव्हता. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण अभियंते आणि शास्त्रज्ञ १९५४च्या सुमारास कामाला लागले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याआधी संगणक वापरलेलाही नव्हता. १९५६मध्ये त्यांनी चाचणीपुरते एक छोटे यंत्र चालवून दाखवले आणि १९६०मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र उभे केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. परदेशात तोवर ट्रान्झिस्टरवरचे संगणक आले होते, त्यामुळे टिफ्रॅक जन्मतःच थोडा जुना होता आणि काही वर्षांत निवृत्तही झाला. पण तो बनवता बनवता जे लोक तयार झाले, त्यांनी पुढची दोन-तीन दशके भारतातल्या संगणकशास्त्राला आकार दिला. यंत्र गेले आणि माणसे राहिली. शिक्षणातल्या संगणकाचा पुढचा सत्तर वर्षांचा हिशेब याच कसोटीवर तपासता येतो.

१९६४मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला आणि देशभरातल्या विद्यापीठांच्या संशोधकांना तो खुला झाला. तेव्हाची पद्धत आजच्या विद्यार्थ्याला कल्पनेत आणणेही अवघड आहे. फोरट्रान भाषेतला प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीवर द्यायचा आणि निकालाच्या कागदाची वाट बघायची. एका कार्डावर एक स्वल्पविराम चुकला तरी सगळा गठ्ठा परत. यंत्राला हात लावण्याचा अधिकार मोजक्या चालकांना होता. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मदतीतून मिन्स्क-२ आला, तिथेही पद्धत फारशी वेगळी नव्हती. या शिस्तीने एक गोष्ट मात्र दिली. यंत्रासमोर जाण्याआधी विद्यार्थ्याला पूर्ण विचार कागदावर करावा लागे.

त्याच वर्षी, मे १९६४मध्ये, अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही सोपी भाषा चालू केली. गणित किंवा विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक स्वतः वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. एका मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनले जोडून प्रत्येकाला थोडाथोडा वेळ वाटून देण्याची व्यवस्था त्यांनी केली. १९६७मध्ये सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. संगणकाने मुलाला शिकवावे यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावे, ही पेपर्ट यांची भूमिका होती. शाळेत संगणक कशासाठी, या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी हे उत्तर अजूनही सर्वांत सकस आहे.

आमच्या कोल्हापूरपर्यंत संगणक यायला बराच काळ गेला. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ची. डॉ. ए. डी. शिंदे यांनी १९७६मध्ये सुरू केलेली ‘सायबर’ संस्था व्यवस्थापनाच्या शिक्षणातून पुढे संगणकाकडे वळली. १९८३ साली राज्य सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी गोकुळ शिरगावला केआयटी उभे राहिले. पाठोपाठ १९८४मध्ये कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील महाविद्यालय आले. या महाविद्यालयांमुळे संगणक अभियांत्रिकी जिल्ह्यातल्या मुलांच्या आवाक्यात आली. फी मात्र सगळ्यांच्या आवाक्यात नव्हती.

शाळांसाठीचा पहिला देशव्यापी प्रयत्न १९८४-८५चा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. शाळांमध्ये संगणक साक्षरता आणि संगणक अभ्यास, हा त्याचा उद्देश. सुरुवातीला २५० माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा निवडल्या गेल्या. त्यांना मदत करण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांसारख्या संस्थांमध्ये संसाधन केंद्रे नेमली गेली. यंत्र होते बीबीसी मायक्रो. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी एकॉर्न कंपनीने १९८१च्या अखेरीस ते बाजारात आणले होते. ३२ किलोबाइट स्मृती, २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, टीव्हीसारखा पडदा आणि सुरू करताक्षणी समोर येणारी बेसिक भाषा. यंत्र उत्तम होते. ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीने त्यावर प्रोग्रॅमिंग शिकले. ८०चे दशक संपेपर्यंत भारतात ही योजना सुमारे अडीच हजार शाळांपर्यंत पोचली.

तरीही तिचा ठसा उमटला नाही. याची कारणे यंत्राबाहेर शोधावी लागतात. पहिले कारण वेळेचे. वर्गात ४० मुले, शाळेत दोन संगणक आणि आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका धरली, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठवड्याला पावणेदोन मिनिटे येतात. वर्षभरात सारे मिळून जेमतेम एक तास. तेवढ्यात मूल कळफलकावरची अक्षरे शोधायला शिकते आणि वर्ष संपते. म्हणून शिक्षक फळ्यावर संगणकाचे चित्र काढून भाग समजावत, मुले ते वहीत उतरवून घेत आणि चाचणीत त्यांची नावे लिहून गुण मिळवत. दुसरे कारण शिक्षकाचे. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाला अल्प मुदतीचे प्रशिक्षण मिळे. त्याच्या मूळ तासिका कमी होत नसत. त्याची बदली झाली की प्रशिक्षणही त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी जाई. तिसरे कारण असे की बोर्डाच्या परीक्षेत या विषयाला जागा नव्हती. दहावीच्या वर्षात जे परीक्षेत नाही, ते वेळापत्रकात टिकत नाही.

चौथे कारण शाळेच्या कारभाराचे आहे आणि ते आजही तितकेच लागू आहे. शाळेत आलेली वस्तू डेडस्टॉक नोंदवहीत चढते आणि तिची जबाबदारी मुख्याध्यापकावर येते. बिघाड झाला तर दुरुस्तीला तरतूद नसते. जिल्हा परिषद शाळेला मिळणाऱ्या सादिल अनुदानात खडू, झाडू आणि किरकोळ खर्च कसाबसा भागतो. वस्तू हरवली तर वसुली निघते. जुनी झाली तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्रुटी, फेरप्रस्ताव असा कागदांचा प्रवास सुरू होतो. अशा परिस्थितीत शहाणा मुख्याध्यापक एकच करतो. संगणकाच्या खोलीला कुलूप लावतो. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण वस्तू वापरून झिजली तर शिक्षा आणि न वापरता जपली तर कौतुक, अशी व्यवस्था शासनानेच घालून दिली आहे.

याच काळातली दुसरी योजना शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७मध्ये ‘खडू-फळा मोहीम’ सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, तक्ते असे किमान साहित्य मिळावे, हे तिचे उद्दिष्ट होते. म्हणजे निवडक माध्यमिक शाळांत संगणक पोचवायला सुरुवात झाली, तेव्हा देशातल्या असंख्य प्राथमिक शाळांना दुसरा शिक्षकसुद्धा नव्हता. संगणक यायला नको होता, असा याचा अर्थ नाही. पण शिक्षकाचा प्रश्न सुटलेला नसताना आलेले कोणतेही साधन शिक्षकाच्या खांद्यावर आणखी एक ओझे बनते, हे तेव्हाच दिसले होते.

कोल्हापूरजवळच्या आमच्या कळंब्याहून जो रस्ता पुढे गारगोटीला जातो, त्या गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारण्यात जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले नाईक पुढे १९६४-६६च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही शिफारस त्या आयोगाची. देशाने ती अजून पाळलेली नाही. त्याआधी याच जिल्ह्यात, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला. हुकमाबरोबर शाळा आणि मास्तर पुरवण्याची जबाबदारीही संस्थानाने घेतली. कोल्हापूरला शिक्षणाचा असा वारसा असताना संगणकाच्या बाबतीत नुसत्या वस्तुवाटपावर समाधान मानणे या जिल्ह्याला शोभत नाही.

भाषेचा अडसर वेगळाच होता. मराठी माध्यमाच्या मुलासमोर संगणक आला तो इंग्रजी अक्षरे घेऊन. देवनागरीसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आणि इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरला. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीच्या श्री-लिपीने मराठी छपाईचे चित्र बदलले. पण प्रत्येक कंपनीच्या फाँटचे संकेत वेगळे असल्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर चौकोन आणि चिन्हे होऊन उमटे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण तांत्रिकदृष्ट्या संपली. शाळेत मात्र ती उरली. आजही दहावी झालेल्या बहुतांश मुलांना मराठी उच्चार रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी मिळवावी लागते, कारण इनस्क्रिप्ट त्यांना कुणी शिकवलेलाच नसतो. स्वतःच्या भाषेत लिहायला परक्या लिपीच्या दारातून जावे लागणे, ही संगणक शिक्षणातली सर्वांत दुखरी उणीव आहे आणि ती भरून काढायला जवळजवळ काही खर्च लागत नाही.

शाळेने सोडलेली जागा बाजाराने भरली. राज्य सरकारच्या पुढाकाराने २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या खासगी केंद्रांतून सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी ही पात्रता मागितली जाऊ लागल्यावर दहावीची परीक्षा संपली की एमएस-सीआयटीला नाव घालायचे, हा महाराष्ट्रातल्या घराघराचा रिवाज झाला. त्याने लाखो लोकांच्या मनातली माउसची भीती घालवली, हे मोठे काम आहे. पण जे शाळेत फुकट मिळायला हवे होते, ते सुट्टीत फी भरून घ्यावे लागले आणि ज्या घराला फी परवडली नाही, तिथले मूल मागे राहिले.

याच जिल्ह्यात शाळेबाहेरचा एक प्रयोग झाला. त्यातून मिळालेला धडा शाळांना उपयोगी आहे. १९९८मध्ये केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून वारणा खोऱ्यातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारली. शेतीची माहिती, बाजारभाव, शासकीय दाखले, शिक्षण अशी आश्वासने होती. प्रत्यक्षात टिकले ते उसाचे काम. शेतकऱ्याचा ऊस किती टन गेला, खात्यात किती जमा, खताची उचल किती, हे गावातच कळू लागले. त्यासाठी केंद्रात कारखान्याने नेमलेला, पगार मिळणारा माणूस रोज बसत असे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन शाखेने काही गावांत हेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवले. रोजची गरज आणि रोज बसणारा माणूस या दोन गोष्टी होत्या, तिथे यंत्र चालले. शिक्षणाच्या आश्वासनामागे असा माणूस नव्हता.

केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजना २००४च्या अखेरीस आली. महाराष्ट्राने ती ‘बूट’ पद्धतीने राबवली. कंपनीने शाळेत संगणक कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा, शिकवायला माणूस द्यायचा आणि मुदत संपल्यावर कक्ष शाळेच्या हवाली करायचा. पहिल्या टप्प्यात ५००, दुसऱ्यात २,५०० आणि तिसऱ्यात ५,००० शाळा घेतल्या गेल्या. आधीच्या योजनांपेक्षा हे पाऊल पुढचे होते, कारण माणसाचा विचार त्यात होता. पण तो माणूस कंत्राटाचा होता. पगार तुटपुंजा, शाळेच्या हजेरीपत्रकावर नाव नाही, शिक्षकांच्या बैठकीत खुर्ची नाही. पाच वर्षांत मुले त्याला ‘संगणकाचे सर’ म्हणू लागली, त्यांनी त्याच्याकडून टाइपिंग, चित्रे, छोटे प्रोग्रॅम शिकले. मग करार संपला. कक्ष शाळेला मिळाला आणि सर घरी गेले. या शिक्षकांनी सेवेत कायम करावे यासाठी मुंबईत आझाद मैदानावर आंदोलने केली. शासनाला ती सेवाशर्तींची तक्रार वाटली असेल. खरे तर हजारो शाळांतले संगणक शिक्षण जिवंत ठेवायचे की नाही, हा प्रश्न तिथे मैदानात बसला होता.

विजेची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन पाहिले. ते कमी झाल्यावर थकलेल्या बिलापोटी जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडली जाऊ लागली. बिल भरायला स्वतंत्र पैसे नसतील तर नवा संगणक पहिल्या थकबाकीपर्यंतच चालतो.

राज्यात आशादायक उदाहरणेही घडली. रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीत २००७मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ संस्थेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. एका शिक्षकाच्या शाळेत प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा लॅपटॉप मिळाला. शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा सौर विजेवर चालणारी डिजिटल शाळा म्हणून गाजली. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर लोकवर्गणीतून अनेक गावांनी प्रोजेक्टर आणि टॅब आणले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याच्या त्यांच्या कामाचा राज्याने स्वीकार केला. या सर्वांतला समान धागा शोधायला लांब जावे लागत नाही. प्रत्येक ठिकाणी शाळेत राहणारा, मुलांना ओळखणारा एक शिक्षक होता. शासनाने बहुतेक वेळा त्याच्या साधनांचे अनुकरण केले. अशा शिक्षकाला वेळ आणि मोकळीक देण्याची पद्धत मात्र तयार झाली नाही.

ती पद्धत तयार करणे शक्य आहे, हे केरळने दाखवले. २००१मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पात केरळने बाहेरचे कंत्राटी शिकवणारे आणले नाहीत. शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिले, त्यांच्यातूनच प्रशिक्षकांची फळी उभी केली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत एका शिक्षकाकडे संगणकाची जबाबदारी सोपवली. मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारल्यामुळे परवान्यांचा खर्च वाचला आणि मल्याळममध्ये साहित्य तयार करता आले. संगणक हा दहावीच्या परीक्षेचा भाग झाला. पुढे विद्यार्थ्यांचे ‘लिटल काइट्स’ गट स्थापन झाले आणि मुले स्वतः यंत्रांची निगा राखू लागली. महाराष्ट्राकडे यासाठी लागणारी सामग्री कमी नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत.

आज देशातले चित्र कसे आहे? केंद्राच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२३-२४मध्ये ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. घरची बाजू त्याहून कमकुवत आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक आढळला. मोबाइलने ही दरी बुजवली, असे अनेकदा सांगितले जाते. असर २०२४च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मात्र आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही करणारी मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमे वापरणारी ७६ टक्के होती. फोन हा पाहण्यासाठी घडवलेला असतो. त्यावर मूल तक्ता मांडत नाही, पानभर निबंध लिहीत नाही, प्रोग्रॅम लिहून तो का चुकला हे शोधत नाही. हे शिकवण्याची जागा शाळाच आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचा आग्रह धरला आहे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रमही शाळेत येत आहे. आयटीआयमध्ये संगणक चालवण्याच्या ‘कोपा’ ट्रेडला येणाऱ्या किंवा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत सीएनसी यंत्रावर उभे राहणाऱ्या मुलाला संगणकाची पहिली ओळख तिथे होऊ नये, ती शाळेत आधीच झालेली असावी, ही अपेक्षा माफक आहे.

म्हणून शालेय शिक्षण विभागाकडे मागणी अशी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत संगणकाची जबाबदारी एका कायम शिक्षकाकडे द्यावी आणि त्या प्रमाणात त्याच्या इतर तासिका कमी कराव्यात. प्राथमिक शाळांसाठी प्रत्येक शाळासमूह केंद्राला एक फिरता संगणक शिक्षक मंजूर करावा. करार संपल्यामुळे बाहेर पडलेल्या अनुभवी शिक्षकांना या पदांवर आधी संधी द्यावी. खरेदीच्या प्रत्येक निविदेत दुरुस्ती आणि वीजबिल यांचा पाच वर्षांचा खर्च धरलेला असावा. वापरामुळे बिघडलेल्या यंत्राची वसुली मुख्याध्यापकाकडून होणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे आणि निर्लेखनाचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर द्यावा. पाचवीपासून इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहिणे वेळापत्रकात यावे. आठवड्याला किमान दोन तासिका मुलांच्या हाताखाली यंत्र असेल, इतके संगणक आणि इतका वेळ यांचे गणित शाळेच्या पटानुसार आधी मांडावे आणि खरेदीचा आकडा त्यानंतर ठरवावा. येत्या अर्थसंकल्पात शिक्षकपदांची तरतूद होत नसेल, तर त्या वर्षीची यंत्रांची खरेदी पुढे ढकलावी.

आपला,
कळंब्याचा एक रहिवासी
कळंबा, ता. करवीर, जि. कोल्हापूर